गोड क्रीक घ्यायची की आउडे क्रीक? मी कशी ठरवली

ब्रसेल्सला ओळखीचं कोणी आलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा प्रश्न येतोच, ती चेरीची बिअर म्हणतात ती कुठली घेऊ? आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही, कारण कार्डावर दोन-तीन क्रीक असतात, एकीच्या आधी 'आउडे' लिहिलेलं असतं, ती जवळपास दुप्पट महाग असते आणि वेटरला विचारलं तर तो म्हणतो ती जरा आंबट आहे. 'जरा' वर जाऊ नका. इथे राहून मी दोन्ही भरपूर प्यायलोय, दोन्ही घरात असतात, तरी आता स्वतःसाठी घेताना हात एकीकडेच जातो. का जातो ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

लॅम्बिक म्हणजे हवेतल्या यीस्टवर आंबवलेली बिअर आणि क्रीक म्हणजे त्यात आंबट चेरी, एवढं माहीत आहे असं धरतो. फरक आहे तो चेरी घातल्यानंतर काय होतं त्यात. पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या लॅम्बिकमध्ये चेरी पडल्या की त्या रानटी यीस्टला नवीन खाऊ मिळतो, काही महिन्यांत फळातली साखर ती जवळजवळ सगळी खाऊन टाकते. म्हणजे चेरीचा वास राहतो, रंग राहतो, आंबटपणा राहतो, गोडी जाते. त्यामुळे नुसतं फळ आणि लॅम्बिक एवढ्यावर बनलेली क्रीक गोड असूच शकत नाही. गोड हवी तर नंतर साखर, रस किंवा स्वीटनर घालावा लागतो आणि वर गाळून नाहीतर पाश्चराइझ करून यीस्टला थांबवावं लागतं, नाहीतर बाटलीत ती हीपण साखर खाणार. 'आउडे' म्हणजे जुनी, पण हा शब्द कोणी उगाच छापू शकत नाही, आउडे गूझ (जुनी-नवी लॅम्बिक मिसळून केलेली बिअर) आणि आउडे क्रीक या नावांना युरोपियन युनियनचं संरक्षण आहे १९९७ पासून. तेव्हा लेबलवर हा एक शब्द दिसला की गोड नाही हे नक्की. अपवाद एक लक्षात ठेवा, ब्रसेल्समधल्या आंदरलेख्तची कांतियों ही ब्रुअरी 'आउडे' न लिहिता '१०० टक्के लॅम्बिक' लिहिते, तिची क्रीक पण याच गटातली, चांगलीच आंबट.

आता चव. गोड क्रीक थंडगार घ्यायची, पहिला घोट खरंच सुंदर लागतो. लालभडक रंग, वर गुलाबी फेस, तोंडात आधी चेरीच्या जॅमची गोडी आणि मागून हलका आंबटपणा, साधारण आपल्या कोकम सरबताची जात. अल्कोहोलही कमी, बऱ्याच बाटल्यांवर साडेतीन-चार टक्के असतं. बिअर कडू लागते म्हणून कधी प्यायली नाही अशा माणसाला ही दिली की चेहरा खुलतो, माझ्या बायकोला हीच आवडते आणि उन्हात चालून आल्यावर पहिली म्हणून मलाही चालते. डार्क चॉकलेटबरोबर तर हीच घ्यावी, आउडे तिथे कडवट होते.

आउडेचा पहिला घोट मात्र सगळ्यांना मानवत नाही. दात आंबतात. नाकाला आधी चेरी नाही येत, ओल्या पोत्याचा, जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो, मग चेरी. आणि मग एक गोष्ट येते जी गोड क्रीकमध्ये मला कधी नीट सापडली नाही. चेरी बियांसकट मुरतात ना, त्या बियांचा स्वाद उतरतो. लहानपणी जर्दाळू खाऊन झाल्यावर आतली बी दगडाने फोडून खायचो, आतला तो छोटा बदाम, किंचित कडसर, तो स्वाद. घोट गिळून झाला की मागे जिभेवर करवंदासारखा तुरटपणा आणि त्याच्या खाली हा बदाम. पहिल्यांदा कळला तेव्हा मी ग्लास खाली ठेवून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

पण हे सगळं आवडीनिवडीचं झालं, यावर मी कोणाला ही घे ती घेऊ नको असं म्हटलं नसतं. माझं ठरलं ते दुसऱ्याच कारणाने.

मी हळू पितो. पाव लिटरचा ग्लास मला गप्पांमध्ये तासभर पुरतो. एकदा जून महिन्यात, रात्री दहापर्यंत उजेड, बाहेरच्या टेबलावर पुण्याचा एक जुना मित्र बरोबर, बऱ्याच वर्षांनी भेटलेला, त्याच्या आईच्या आजारपणाचं बोलणं चाललं होतं आणि मी मागवली होती गोड क्रीक, कुठली ते सांगत नाही, बरी खपणारी आहे. अर्ध्या ग्लासापर्यंत काही वाटलं नाही. मग फेस बसला, बुडबुडे कमी झाले, बिअर कोमट झाली आणि चव पार बदलली. थंडपणात गोडी दबलेली असते, गारवा गेला की ती वर येते आणि तिला तोलायला तेवढा आंबटपणा उरत नाही. शेवटचे चार घोट अगदी मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखे. ओठांना चिकटपणा, ग्लास टेबलावरून उचलला तर खाली लाल कडं चिकटलेलं, आणि घोट गेल्यावरही ती स्वीटनरवाली गोडी कितीतरी वेळ जिभेच्या मागे बसून राहिलेली, पाणी प्यायलो तरी जाईना. वाटलं ही बाटली खराब असेल. नंतर मुद्दाम तीन-चार वेगवेगळ्या गोड क्रीक घेऊन घरी तसंच तासभर ठेवून प्यायल्या, कमी-जास्त फरक होता, पण शेवटचे घोट प्रत्येक वेळी माझ्याच्याने संपले नाहीत.

आउडेचं नेमकं उलटं होतं. ती मुळात एवढी थंड प्यायचीच नसते, तळघरातून आणावी तेवढी गार पुरे. फ्रीजमधून काढली तर पहिला अर्धा तास नुसती आंबट, बंद-बंद लागते, हळूहळू गारवा गेला की चेरी मोकळी होते, तो बियांचा बदाम वर येतो. शेवटचे चार घोट सगळ्यात चांगले. बोलत बसणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे हो, ज्या प्याल्याची वाट बघावीशी वाटते तो आणि जो लवकर संपवावा लागतो तो, यातला.

आता गोड आवडणं म्हणजे इथल्या परंपरेला सोडून काही आहे असं अजिबात नाही. इथल्या जुन्या कॅफेंमध्ये लॅम्बिकबरोबर साखरेचे खडे आणि ते ग्लासात ठेचायला धातूची छोटी दांडी द्यायचे, तिला स्टुम्पर म्हणतात. म्हणजे आंबट बिअर इथल्या लोकांनाही आंबटच लागायची. पण तिथे साखर किती ते पिणारा ठरवायचा, आणि पुढचा ग्लास बिनसाखरेचा घ्यायचा की नाही तेही. मला ती पद्धत जास्त पटते. चिंच-गुळाच्या आमटीत गूळ किती ते ज्याच्या त्याच्या घरचं असतं तसं. पाहुण्याला आउडे फारच झोंबली तर मी त्याच्या ग्लासात साखरेचा छोटा खडा टाकतो, फेस एकदम वर येतो, सांभाळून, पण चव बिघडत नाही.

खाण्याबरोबर घेणार असाल तर माझ्या मते प्रश्नच नाही. इथे प्लाट्टेकास म्हणून प्रकार मिळतो, आपल्या चक्क्याच्या जवळचा, तो जाड ब्रेडवर थापायचा, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात, मीठ-मिरपूड. त्याच्याबरोबर आउडे क्रीक, बस. गोड क्रीकबरोबर हाच ब्रेड खाल्ला तर मुळा उगाच तिखट लागतो आणि चक्का फिका.

आउडेच्या अडचणी पण सांगायला हव्यात. पित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी नको, मी एकदा घेतली आणि रात्रभर जागा होतो. बाटल्या बऱ्याचदा पाऊण लिटरच्या, एकट्याला जास्त होते आणि उघडली की दुसऱ्या दिवशी ती मजा नाही. बुचाला जपावं लागतं, आत दाब असतो, बाटली उन्हात किंवा गाडीत राहिली असेल तर अर्धी बिअर सिंकमध्ये जाते. तळाला गाळ असतो, शेवटचा अंगठाभर ओतू नका. आणि सगळ्या सौम्य असतील असं नाही, बून या ब्रुअरीची आउडे क्रीक मारियाज पार्फे चक्क ८ टक्क्यांची आहे, लिटरला ४०० ग्रॅम चेरी, ती गोड क्रीकसारखी भराभर पिऊ नये. पहिल्यांदाच घेत असाल तर मात्र मला तीच बरी वाटते, फळ जास्त असल्यामुळे आंबटपणा अंगावर येत नाही.

पुण्या-मुंबईला न्यायची असेल तर ड्यूटी-फ्रीची मर्यादा २ लिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि एक छोटी आरामात बसते, स्वेटरमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत. घरी सगळ्यांना एकेक घोट चाखायचा असेल आणि त्यात बिअर न पिणारे जास्त असतील तर एक गोड घ्या, थंड करून लगेच संपवा. बाकी दोन आउडे. त्या घरी गेल्यावर दोन-तीन आठवडे उभ्या ठेवा अंधारात, प्रवासात हललेला गाळ खाली बसू दे, आणि उघडायच्या आधी फ्रीजमधून अर्धा तास बाहेर काढून ठेवा.