कपाशीतला कामगंध सापळा: रोज मोजणार असाल तरच घ्या

गुलाबी बोंडअळीसाठी कृषी केंद्रात नरसाळ्याचा आणि चिकट तळाचा डेल्टा असे दोन सापळे मिळतात. कपाशीत नरसाळ्याचाच बरा. ऐन पावसाळ्यात डेल्टाच्या चिकट पट्टीवर माती, पाला, भलतेच किडे बसतात आणि चिकटपणा जातो. नरसाळं पुढच्या हंगामातही चालतं. नवी लागते ती ल्यूर, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष, आणि खालची पिशवी.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन सापळ्यांची. पेरणीनंतर ४५ दिवसांनी लावायचे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. कपाशी वाढेल तशी काठीवरची गाठ वर सरकवावी लागते. नेमकं हेच राहून जातं. मग सापळा पानांत बुडतो आणि पतंग येईनासे होतात.

अळी संपेल म्हणून सापळा घेणाऱ्याची निराशा ठरलेली. त्यात फक्त नर येतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. एकरी दोन सापळ्यांचं काम फवारणीची वेळ सांगण्याचं. सलग तीन रात्री रोज सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग पडले तर फवारणी. म्हणून आठवड्यातून एकदा पिशवी उघडण्यात अर्थ नाही, चाळीस पतंग एका रात्रीत आले की सात रात्रींत, हे कळत नाही. रोज सकाळी पिशवीची खालची गाठ सोडून कागदावर झटका. गुलाबी अळीचा पतंग बारीक, करडा-तपकिरी, पंखांवर काळपट डाग असलेला. मोठे पिवळसर-तपकिरी पतंग भरले असतील तर दुकानदाराने हिरव्या बोंडअळीची ल्यूर दिली आहे. घेतानाच पाकिटावर ‘गॉसिप्ल्यूर’ वाचा.

ल्यूर म्हणजे रबराची छोटी टोपी. तंबाखू चोळलेल्या किंवा औषधाच्या हातांनी ती धरू नका. साधारण तीन-चार आठवड्यांत तिचा वास उतरतो, पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे बदला. भरल्याची तारीख नसलेलं किंवा उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नका. जुनी ल्यूर आणि फोडलेलं पाकीट सापळ्याखाली टाकलं तर पतंग तिकडेच घुटमळतात.

आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नये. पिशवी फाटली, तळची गाठ सुटली किंवा मुंग्या शिरल्या तरी तो कमीच दिसतो. त्यासाठी वीस हिरवी बोंडं तोडून चिरा. दोनांत अळी निघाली तर सापळा काहीही म्हणो, फवारणी करा. बोंडावर बाहेरून खूण दिसत नाही, कारण अळी शिरते ते भोक बुजून जातं. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने घात केला त्यात हेही होतं: बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेलं बियाणं, आहे म्हणून अनेकांनी बोंडं चिरलीच नाहीत.