क्रोशे, मेणबत्त्या की रेझिन? कमी भांडवलात घरगुती भेटवस्तूंची सुरुवात

पैसा मोजका असेल, तर मी आधी एकच गोष्ट बघेन: घातलेली रक्कम किती दिवसांनी मोकळी होते. कच्चा माल स्वस्त की महाग, हे त्यानंतर.

या कसोटीवर क्रोशे सगळ्यात सरस. एक सुई, चार रंगांची लोकर आणि कात्री एवढ्यावर काम सुरू होतं. चुकलं तर उसवायचं, तीच लोकर पुन्हा वापरायची. वस्तू हलकी आणि न फुटणारी, त्यामुळे पाठवायलाही निर्धास्त. शिवाय खरं क्रोशे मशीनवर होत नाही. ग्राहकाला हे आवर्जून सांगावं.

अडचण आहे ती वेळेची. एका लहानशा खेळण्यात अख्खी दुपार जाते. लोकरीच्या दुप्पट किंमत लावून मोकळं झालं, तर मजुरी जवळजवळ शून्य पडते. म्हणून लोकर, पॅकिंग आणि लागलेले तास, तिन्ही धरून किंमत काढा. त्या किमतीला वस्तू खपत नसेल तर तासाचा दर पाडू नका, वस्तू बदला: कीचेन, बुकमार्क, केसांचे रबर. आणि खेळणं तीन वर्षांखालच्या बाळासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे न लावता दोऱ्यानेच डोळे भरा. सुटा झालेला डोळा घशात अडकू शकतो.

मेणबत्त्यांचं गणित उलटं आहे. हात बसला की एका बैठकीत अनेक बरण्या भरून होतात, पण हात बसेपर्यंत पैसा चाचण्यांत जातो. वात बरणीच्या व्यासाप्रमाणे निवडावी लागते. बारीक वात मधोमध खड्डा पाडते, जाड वात काजळी धरते आणि काच जास्त तापवते. मेण, सुगंध, बरणी यांतलं एक जरी बदललं तरी पुन्हा जाळून बघणं आलंच. सुगंधी तेल साधारणपणे मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्के घालतात. मेणाला पेलवेल त्यापेक्षा जास्त झालं तर ते पाझरतं. सोया मेणात सुगंध मुरायला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात, म्हणजे माल आधी करून ठेवायचा आणि तोवर पैसा अडकलेला.

त्यात काचेची बरणी म्हणजे मोठं खोकं. अनेक कुरिअर कंपन्या सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा हा आकडा मोठा निघाला तर त्यावर पैसे घेतात. ३० × ३० × २० चं खोकं आत किलोभरच माल असला तरी ३.६ किलोचं धरलं जातं. खोकं विकत घेण्याआधी हा हिशेब करा.

रेझिन म्हणजे दोन द्रव मापात मिसळून साच्यात ओतायचे आणि घट्ट होऊ द्यायचे. दिसायला देखणं, पण पहिला व्यवसाय म्हणून मी ते सुचवणार नाही. मापात थोडी चूक झाली की वस्तू चिकट राहते आणि ओतलेलं परत मिळत नाही. घट्ट न झालेल्या, कच्च्या इपॉक्सीने (या कामात वापरतात ते रेझिन) त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. हातमोजे आणि भरपूर खेळती हवा हवीच. लहान घरात, मुलं वावरत असताना हे सांभाळणं कठीण.

वेळ आहे, पैसा नाही: क्रोशे. नोकरी सांभाळून फक्त सुट्टीचा दिवस मिळतो आणि चाचण्यांपुरती रक्कम बाजूला आहे: मेणबत्त्या, तेही एकच बरणी आणि दोनच सुगंध घेऊन. नाव घातलेली वस्तू मात्र निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय करायला घेऊ नका. ऑर्डर रद्द झाली तर ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.