अलास्काच्या क्रूझसाठी जळगावात घेतलेले कपडे : एक परीक्षण

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याने जाणाऱ्या क्रूझसाठी आमच्या कुटुंबाने जे कपडे नेले, ते जवळजवळ सगळे जळगावातच खरेदी केलेले होते. पावसाळी जॅकेट, थर्मल, फ्लीस (कृत्रिम धाग्याचा मऊ, उबदार अंगरखा), पॅन्ट, बूट आणि मोजे जूनमधल्या तिकडच्या हवेत कसे ठरले, ते येथे नोंदवीत आहे. मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर ही सफर करणारी खान्देशातील ज्येष्ठ मंडळी वाढत आहेत आणि मे महिन्याच्या आपल्या उन्हात बसून तिकडच्या गारठ्याची बॅग भरणे त्यांना अवघड जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पावसाविषयी. जळगावात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सरींनी येतो आणि थांबला की कपडे अंगावरच वाळतात. केचिकन या बंदरात वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि तो बहुतेक वेळा बारीक, संथ आणि तासन्‌तास चालणारा असतो. त्या वेळी तापमान १० ते १५ अंशांच्या दरम्यान असल्याने भिजलेले काहीच लवकर वाळत नाही. त्याच मार्गावरील स्कॅगवे डोंगरांच्या आडोशाला असल्याने बरेच कोरडे असते आणि तिथे दुपारी चक्क ऊन पडते. एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवसात, हे सगळे वाट्याला येत असल्याने एक जाडजूड कोट नेण्यात अर्थ नाही; काढता-घालता येतील असे पातळ थर हवेत आणि त्या सर्वांवर पाणी खरोखर अडवणारे एक जॅकेट हवे.

हे जॅकेट संपूर्ण खरेदीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू ठरली आणि पैसे खर्च करायचे असतील तर ते येथेच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मोटारसायकलसाठी मिळणारा रेनकोट पाणी अडवतो हे खरे, पण त्यातून घाम बाहेर पडत नाही. बंदरावर चढण चालल्यावर माणूस आतून ओला होतो आणि बोटीवर वारा लागताच तोच ओलावा थंड पडतो. आम्ही घेतलेल्या जॅकेटच्या लेबलवर १०,००० मिलिमीटर जलरोधकतेचा (म्हणजे तितक्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड न गळता सोसते) उल्लेख होता आणि आतील प्रत्येक शिवणीवर टेप चिकटवलेली होती. दुकानात जॅकेट उलटे करून ही टेप अवश्य पाहावी, कारण कापड कितीही चांगले असले तरी सुईच्या छिद्रांतून पाणी शिरतेच. घरी आणल्यावर ते घालून काही मिनिटे शॉवरखाली उभे राहावे. खांदे आणि चेन कोरडी राहिली तर जॅकेट कामाचे. आमच्या जॅकेटांनी केचिकनचा दिवस निभावून नेला. उणिवा दोनच जाणवल्या : बाजूच्या खिशांना वरून झाकण नसल्याने आत पाणी साचले, आणि हुडच्या पुढच्या कडेला ताठ पट्टी नसल्याने चष्म्यावर थेंब पडत राहिले. त्यावर उपाय म्हणून हुडच्या आत साधी छज्जा असलेली टोपी घातली. छत्री मात्र नेऊ नये. डेकवरच्या वाऱ्यात ती एक मिनिटही सरळ राहत नाही.

थर्मल आणि लोकरीचे मोजे फुले मार्केट परिसरात घेतले होते. या बाबतीत वेळ सांभाळणे फार आवश्यक आहे. आपल्याकडे हे कपडे डिसेंबर-जानेवारीत मिळतात, संक्रांतीनंतर उरलेला माल स्वस्तात निघतो आणि मार्चपर्यंत दुकानदार तो बांधून ठेवतो. याउलट पावसाळी जॅकेट मेअखेरीस बाजारात येतात. जूनमध्ये निघायचे असेल तर खरेदी अशी दोन हप्त्यांतच करावी लागते. थर्मल सुती घेऊ नये. सुती कापड ओलावा धरून ठेवते. कृत्रिम धाग्याचे लवकर वाळते आणि लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. थर्मलवर पातळ फ्लीस घातले की बंदरावर फिरण्यापुरती सोय होते.

खरी परीक्षा ग्लेशियर बे या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर झाली. जहाज तिथे बराच वेळ थांबते, बर्फावरून उतरणारा वारा सरळ तोंडावर येतो आणि बर्फाचा कडा कोसळताना पाहायचा असेल तर आत जाऊन चालत नाही. त्या दिवशी सगळे थर एकावर एक घातले. सर्वांत उपयोगी पडली ती आत्याने घरी विणलेली कानटोपी. हुडच्या आत ती नीट बसते आणि वाऱ्याने उडत नाही.

आता साडीविषयी, कारण याबद्दल नीट माहिती कुठेच मिळत नाही आणि आमच्या आईने साडी सोडणार नाही असे आधीच सांगितले होते. परकराखाली थर्मलची लेगिंग आणि लोकरीचे मोजे, पूर्ण बाह्यांचे थर्मल ब्लाउजच्या आत, वर फ्लीस आणि मग पदर आवरून जॅकेट, अशी रचना जहाजावर उत्तम चालली. सुती साडी टाळून हलक्या कृत्रिम धाग्याच्या साड्या नेल्या. निऱ्यांचा काठ ओला झाला तरी तो रात्रीतून वाळला. परंतु देवमासे पाहायला नेणाऱ्या लहान बोटीवर चढताना ओल्या पायऱ्यांवर साडीची खरोखर भीती वाटते. तेवढ्यापुरती आईने वहिनीची ट्रॅकपॅन्ट वापरली आणि तो निर्णय योग्य होता. संध्याकाळच्या औपचारिक जेवणाला मात्र रेशमी साडी आणि शाल यांच्याइतका शोभिवंत पोशाख दुसरा नाही. डायनिंग हॉलच्या वातानुकूलनात शाल लागतेच.

जीन्स नेऊ नयेत. भिजल्यावर त्या जड होतात आणि केबिनमध्ये लवकर वाळत नाहीत. लवकर वाळणाऱ्या दोन पातळ पॅन्ट माणशी पुरेशा झाल्या. बूट खडबडीत तळाचे, पाणी अडवणारे आणि महिनाभर आधी वापरून सैल केलेले असावेत. केबिनमध्ये सहसा इस्त्री वापरू देत नाहीत आणि जहाजावरची धुलाई महाग असते. बहुतेक केबिनच्या भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे हूक नेले तर जॅकेट टांगून निथळवता येतात.

परत आल्यावर जॅकेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात ती पेटी तापते आणि पावसाळ्यात दमट होते, त्यामुळे पाणी अडवणारा आतला लेप सुटून चिकट पडतो. सौम्य द्रव साबणाने धुऊन, सॉफ्टनर न वापरता, पूर्ण वाळवून हँगरवर कपाटात टांगावे. कापडावर पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळेनासे झाले, तर लेबलवर परवानगी असल्यास सुती कापड मध्ये ठेवून मंद इस्त्री फिरवावी. बहुतेक वेळा तो गुण परत येतो.