कॅसेट प्लेअरचं ब्लूटूथ उलट्या दिशेचं निघालं

जाहिरातीतली मुलगी बिनतारी हेडफोन लावून चालत होती. हातात धातूचा, चकचकीत कॅसेट प्लेअर, झाकणाच्या खिडकीतून फिरणारी कॅसेट दिसत होती. खाली ओळीने लिहिलेलं: ब्लूटूथ ५.३, टाइप-सी चार्जिंग, स्टीरिओ, डॉल्बी, मेटल बॉडी, जुन्या कॅसेटचं एमपी३ करा. मी मागवला. आलेल्या वस्तूत यातली टाइप-सी तेवढी खरी होती, तीही अर्धीच.

हे सविस्तर लिहितेय, कारण विक्रेता धडधडीत खोटं फार कमी बोलला होता. जवळजवळ प्रत्येक शब्दाला त्याने पळवाट ठेवली होती.

पहिली पळवाट ब्लूटूथची. प्लेअर चालू केला, हेडफोन पेअरिंगला लावले, दोघं एकमेकांना सापडेचनात. फोनवर शोधलं तर यंत्र लगेच दिसलं, जोडलंही गेलं, आणि फोनमधलं गाणं त्याच्या इवल्याशा स्पीकरवर वाजू लागलं. म्हणजे आत ब्लूटूथ रिसीव्हर होता. फोनचा आवाज घ्यायचा. कॅसेटचा आवाज हेडफोनला पाठवायचा नाही. पाठवायला ट्रान्समीटर लागतो, आणि कॅसेट प्लेअरमध्ये माणसाला हवा असतो तो तोच. वर्णनात दोन्हींपैकी एकही शब्द नव्हता, नुसतं ‘ब्लूटूथ ५.३’. तो आकडा आवृत्तीचा. आवाज कुठून कुठे जातो, हे त्यावरून काहीच कळत नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘ब्लूटूथ चालतं आहे, तुम्ही स्वतःच तुमच्या व्हिडिओत दाखवलं आहे.’ जाहिरातीच्या व्हिडिओतली मुलगी मग काय ऐकत होती, याला उत्तर नाही. तो व्हिडिओही त्यांचा नव्हताच. दुसऱ्याच एका कंपनीच्या महागड्या प्लेअरचा उचललेला होता, हे फोटोवरून शोध घेतल्यावर पाच मिनिटांत कळलं.

स्टीरिओची गंमत याहून बारीक आहे, आणि इथे बहुतेकांना फसलोय हेही कळत नाही. हेडफोन लावले की दोन्ही कानांत आवाज येतो. पण तो दोन्हीकडे अगदी एकच असतो. जॅक स्टीरिओ, पण टेप वाचणारा भाग, म्हणजे हेड, मोनो: दोन्ही कानांना एकच आवाज देणारं. कॉम्पॅक्ट कॅसेटमध्ये एका बाजूचे डावा आणि उजवा हे दोन ट्रॅक शेजारी शेजारी असतात, ते मोनो यंत्रालाही एकत्र वाचता यावेत म्हणूनच. त्यामुळे मोनो हेडवर गाणं पूर्ण ऐकू येतं, काही गळलंय असं वाटत नाही. फक्त ते डोक्याच्या मधोमध चिकटून बसतं. ओळखीच्यांकडच्या चांगल्या कॅसेट डेकवर (घरात ठेवायच्या मोठ्या, रेकॉर्डही करणाऱ्या यंत्रावर) मी एका कोऱ्या कॅसेटवर फक्त डाव्या बाजूला आवाज भरून आणला. या प्लेअरवर तो दोन्ही कानांत सारखाच वाजला. त्याचा व्हिडिओ काढला, तक्रार पाठवली, आणि मगच मागचे स्क्रू काढले. हा क्रम महत्त्वाचा, कारण पुढे ‘तुम्ही यंत्र उघडलंत, वॉरंटी संपली’ हे उत्तर आलंच. आत हेडच्या मागे दोन पिना होत्या. स्टीरिओ हेडला साधारणपणे चार असतात, प्रत्येक चॅनेलला दोन.

उघडल्यावर बाकीचंही दिसलं. आज नव्याने बनणाऱ्या बहुतेक स्वस्त प्लेअरांत टॅनाशिन या जपानी कंपनीच्या एका साध्या मेकॅनिझमच्या नकला असतात. नक्कल असणं हा गुन्हा नाही, ती नीट बनवता येते. पण टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने ओढायची, तीही एकसारखी, हे काम कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारी फिरती बारीक दांडी, आणि तिला जोडलेलं चाक, म्हणजे फ्लायव्हील, यांचं. फ्लायव्हील जितकं जड, तितका वेग स्थिर. माझ्यातलं प्लास्टिकचं होतं, शर्टाच्या बटणासारखं. परिणाम लगेच ऐकू येतो: पियानोचा किंवा बासरीचा लांब सूर लडखडतो, गाणारा गळा थरथरल्यासारखा वाटतो. ड्रम्स आणि टाळ्यांच्या गोंगाटात हे झाकलं जातं, म्हणून विक्रेत्यांच्या नमुन्यात नेहमी तसलंच संगीत असतं. तेही बहुतेक वेळा मागून चिकटवलेलं.

वेग मोजायला फार काही लागत नाही. त्या डेकवरच ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरून घेतला होता, आणि फोनवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं मोफत ॲप होतं. आकडा ३३००च्या आसपास, तोही सतत हलत. म्हणजे साधारण पावणेपाच टक्के जास्त वेग. पाच मिनिटांचं गाणं पावणेपाच मिनिटांच्या जरा बाहेर उरकतं, आणि पांढरी एकमध्ये गायलेलं जवळजवळ काळी एकला जाऊन पोचतं. अशा बऱ्याच मोटरांच्या पाठीमागे छोटं छिद्र असतं, आत वेगाचा स्क्रू. तो फिरवून सरासरी वेग जागेवर आणता येतो. थरथर मात्र जात नाही.

डॉल्बीबद्दल थोडक्यात. हे तर सरळ खोटंच होतं. डॉल्बी बी हे कॅसेटची सरसर कमी करणारं १९६८ सालचं तंत्र आहे, त्याला लागणाऱ्या चिप आता नव्याने बनत नाहीत, आणि आजच्या नव्या पोर्टेबल प्लेअरांत ते नसतं. टीॲक कंपनीच्या घरात ठेवायच्या एका डेकवर त्याच्याशी जुळणारं नॉइज रिडक्शन आहे, पण तिथेही कंपनी ‘बी-टाइपच्या समतुल्य’ असं जपून म्हणते. नव्या खिशातल्या प्लेअरवर डॉल्बीचं नाव दिसलं की तिथेच थांबावं. माझ्या यंत्रावर त्या नावाचं चक्क बटण होतं. ते दाबलं की वरचे सूर कापले जायचे आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं व्हायचं.

मेटल बॉडी म्हणजे चंदेरी रंगाचं प्लास्टिक. १९७९ सालच्या पहिल्या सोनी वॉकमनचं वजन ३९० ग्रॅम होतं. माझा प्लेअर काट्यावर त्याच्या निम्माही भरला नाही. एमपी३साठी लागणारी डेटाची सोय सॉकेटमध्ये नव्हतीच, ते फक्त चार्जिंगचं. आणि चार्जिंगही सोबत दिलेल्या जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच होतं, दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलने नाही. आतले दोन रेझिस्टर वाचवले की असं होतं. काही पैशांची बचत! बॅटरीवर छापलेल्या क्षमतेबद्दल लिहीतच नाही.

आता पैशांचं. तक्रार केल्यावर आधी माफी आली, अतिशय गोड. मग, वस्तू ठेवा, १५ टक्के परत देतो. नाही म्हटलं तर ३० टक्के. मग अर्धे. प्रत्येक उत्तराला मुद्दाम वेळ लावायचा. पूर्ण परतावा हवा तर वस्तू परदेशातल्या एका पत्त्यावर स्वखर्चाने पाठवा, आणि तो खर्च किमतीच्या जवळपास. हा साचा ठरलेला असतो. बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे व्यवहार आव्हानित करायला मुदत असते, ती या गोड बोलण्यात सरकवायची. शिवाय एकदा ‘चालेल, ३० टक्के द्या’ असं लिहून दिलं की तुम्ही तडजोड मान्य केली, हा पुरावा त्यांच्याच हातात.

मी टक्क्यांना उत्तर देणं बंद केलं आणि कार्डाच्या बँकेकडे गेले. तिथे कारण निवडावं लागतं. ‘वस्तू मिळाली नाही’ निवडलं असतं तर पोचपावती दाखवून विक्रेता सुटला असता. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे निवडलं आणि वर्णनाचा स्क्रीनशॉट जोडला. तो ऑर्डरच्या वेळीच काढून ठेवला होता, ते कामाला आलं, कारण मधल्या काळात त्यांच्या पानावर ‘स्टीरिओ’चं ‘स्टीरिओ जॅक’ झालं होतं आणि डॉल्बी गायब. सोबत डाव्या बाजूच्या आवाजाचा व्हिडिओ, हेडफोन न जोडले जाण्याचा व्हिडिओ, काट्यावरचा फोटो. तक्रारीत भावना लिहिल्या नाहीत; जाहिरातीतलं वाक्य आणि त्यासमोर प्रत्यक्षात काय, एवढंच. पैसे पूर्ण परत आले.

नवा प्लेअर घ्यायची हौस गेलेली नाही. चांगले बनतातही. फीओ कंपनीच्या सीपी१३ या प्लेअरमध्ये ब्लूटूथ नाही, रेकॉर्डिंग नाही, ऑटो रिव्हर्स (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणं) नाही. तांब्याचं जड फ्लायव्हील मात्र आहे, आणि कंपनी ते पुढे करून सांगते. वी आर रिवाइंड या कंपनीच्या प्लेअरात ब्लूटूथ आहे आणि ते हेडफोनकडे पाठवणारं आहे. जुनं यंत्र घेत असाल तर आतला रबरी बेल्ट सैल झालेला किंवा विरघळून चिकट झालेला असणार असं धरूनच भाव करा. आणि काहीही घेतलं तरी पहिली कॅसेट अशी घाला जी गुंतली, तुटली तरी हळहळ वाटणार नाही. माझ्या त्या यंत्राने दुसऱ्याच दिवशी एक फीत पिंच रोलरभोवती (टेप कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी चाकाभोवती) गुंडाळून घेतली होती, नशिबाने ती चाचणीची होती.

या वेळी ऑर्डर देण्याआधी मी दोन विक्रेत्यांना तेच तीन प्रश्न पाठवले. कॅसेटचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर जातो का? हेडला पिना किती? पियानोची कॅसेट वाजतानाचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ मिळेल का? एकाने दुसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवून काढलेला व्हिडिओ पाठवला, आणि पिनांबद्दल ‘तपासून सांगतो’ म्हणून खरंच चारचा फोटो दिला. दुसऱ्याने सवलत आणखी २० टक्के वाढवली.