उपग्रहाचा नकाशा दाखवून कार्बन क्रेडिटच्या नावाने लूट

तुमच्या झाडांत किती कार्बन साठलाय ते उपग्रहावरून मोजतो, त्याचे क्रेडिट (कार्बन डायऑक्साइड शोषल्याचं किंवा हवेत जाण्यापासून रोखल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) विकून देतो, नोंदणी शुल्क तेवढं आधी भरा, असं सांगणाऱ्या एका कंपनीने आमच्यासह बऱ्याच जमीनमालकांचे पैसे बुडवले. शुल्क घेतलं, रंगीत अहवाल पाठवला, मग फोन उचलणं बंद. सगळी लबाडी त्या अहवालातच आहे, म्हणून तो उलगडून सांगतो.

त्यात एकाच जागेची दोन चित्रं आहेत. एक पिवळट, दुसरं गर्द हिरवं, खाली लिहिलंय ‘दोन वर्षांतील वाढ’. कोपऱ्यातल्या बारीक तारखा वाचल्या तर पहिलं ऐन पानगळीतलं, दुसरं पावसाळा सरतानाचं! सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. दोन्ही वर्षांची एकाच महिन्यातली काढून पाहिली, फरक जवळजवळ नाहीच. शिवाय एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवाईचा आकडा, हिरवेपणा दाखवतो, लाकूड नाही. गवतही हिरवंच असतं, आणि दाट जंगलात तो आकडा एका पातळीनंतर वाढतच नाही. झाडाचा कार्बन मुख्यतः खोडात. त्यासाठी जमिनीवर नमुना-क्षेत्रं आखून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा लागतो आणि उपग्रहाचा अंदाज त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. आमच्याकडे टेप घेऊन एक माणूस फिरकला नाही.

हिशेब तर उघड खोटा. सुक्या जैवभाराचा, म्हणजे झाडाच्या वाळल्या वजनाचा, साधारण ०.४७ भाग कार्बन धरतात, त्याला ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांचं गुणोत्तर) गुणलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १०० टन जैवभाराचे सुमारे १७२ टन. यांनी ०.४७ गाळून थेट ३६७ दाखवले. वर तो सगळा साठाच क्रेडिट म्हणून मांडला. आधीपासून उभ्या झाडांचे क्रेडिट मिळत नाहीत. प्रकल्पामुळे जास्तीचा जेवढा कार्बन साठला किंवा जेवढी तोड टळली, तेवढ्याचेच मिळतात, कार्बन डायऑक्साइडच्या एका टनाला एक. याचा मला फार संताप येतो, कारण झाडं जपणाऱ्यालाच यांनी गाठलं.

पैसे भरण्याआधी प्रकल्प क्रमांक मागा आणि व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या रजिस्ट्रीत स्वतः शोधा. तिथे बघायला पैसे पडत नाहीत. आम्हाला दिलेला क्रमांक भलत्याच प्रकल्पाचा निघाला. करारही नीट वाचून घ्या. आमच्या करारात ३० वर्षांचे कार्बन हक्क कंपनीच्या नावे लिहिलेत. ते कलम रद्द करून घेण्यासाठी वकिलामार्फत नोटीस दिली आहे, पोलिसांत तक्रारही केली आहे.