आरक्लोन, पाडवा ते दिवाळी: टूल चोख आहे, डोकं खातं ते सेटिंग

आधी निकाल सांगून टाकते: बॅकअपसाठी आरक्लोन घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि कमांड बरोबर असेल तर रात्रभर मुकाट काम करतं. आमच्याकडे जे काही अडलं ते जवळजवळ सगळं एकाच जातीचं होतं, म्हणजे आरक्लोन खरंच कुठली सेटिंग वाचतंय आणि आपण काय धरून चाललोय यातला फरक. स्पीड किती येतो, अमुक क्लाउड चांगला की तमुक, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त या सेटिंगच्या भानगडीबद्दल लिहिणारे कारण माझे तास तिथेच गेलेत.

सदाशिव पेठेत आमचं डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. पुस्तकं, पत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, आणि गणपती जवळ आले की दिवाळी अंकांचा पूर. सगळ्या फाइली एका उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर जमा होतात आणि तिथून रोज रात्री एक कॉपी गूगल ड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेली पाहिजे अशी काकांची अट (ऑफिस त्यांचं). त्याआधी पेनड्राइव्ह आणि देवावर हवाला.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. आरक्लोन म्हणजे क्लाउडसाठीचं आरसिंक (फाइली एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारं जुनं टूल) म्हणा, निक क्रेग-वुड यांनी सुरू केलेलं, गो भाषेत लिहिलेलं, सत्तरच्या वर स्टोरेज सेवांशी बोलतं. बटणं-बिटणं काही नाही, काळ्या खिडकीत कमांड टाकायची. 'आरक्लोन कॉन्फिग' म्हटलं की ते प्रश्न विचारत जातं आणि उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवतं, होम फोल्डरच्या आत डॉट-कॉन्फिग, त्यात आरक्लोन, त्यात आरक्लोन डॉट कॉन्फ. यातला 'होम' हा शब्द नीट वाचा, पुढचं अर्धं रामायण त्यावर आहे.

हाताने कमांड चालवली की झकास. रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) तीच कमांड चालली की लॉगमध्ये 'कॉन्फिग फाइल नॉट फाउंड, यूझिंग डिफॉल्ट्स' आणि त्याखाली 'डिडन्ट फाइंड सेक्शन इन कॉन्फिग फाइल'. सकाळी काका विचारणार "अगं, झाला का रात्री?" आणि मी म्हणणार बघते. कारण एवढंच होतं की मशीन लावून देणाऱ्या माणसाने क्रॉनची ओळ रूटच्या (मशीनचा मुख्य ॲडमिन युजर) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, टाकली होती, आणि रूटचं होम वेगळं, तिथे आरक्लोनची फाइलच नाही. मग ते बिचारं 'डिफॉल्ट्स'वर चालू होतं, म्हणजे त्याला आपला ड्राइव्ह नावाचा रिमोट (कॉन्फिगमध्ये नाव देऊन ठेवलेलं क्लाउड खातं) माहीतच नाही. पहिली ओळ नुसती नोटीस म्हणून येते त्यामुळे नजर खालच्या एररवर जाते आणि माणूस रिमोटच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. वरची ओळ वाचा, रोग तिथे आहे.

यावर सगळ्यात कामाची कमांड म्हणजे 'आरक्लोन कॉन्फिग फाइल'. ती फक्त पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) छापते, या क्षणी या युजरला कुठली फाइल लागू आहे तो. हाताने चालवा, मग सुडो लावून (म्हणजे रूट म्हणून) चालवा, दोन वेगळे पाथ दिसले की झालं निदान. फाइल शोधायचा क्रमही ठरलेला आहे, आरक्लोनचा प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे तिथेच आरक्लोन डॉट कॉन्फ पडलेली असली तर आधी ती, मग एक्सडीजी कॉन्फिग होम हे व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नावाने ठेवलेली सेटिंग) असेल तर तिकडची, मग डॉट-कॉन्फिगमधली, आणि शेवटी होममधली जुन्या पद्धतीची डॉट-आरक्लोन डॉट कॉन्फ. म्हणजे कुणी झिप उघडून प्रोग्रामच्या शेजारी एखादी जुनी कॉन्फ ठेवून दिली असेल तर तीच जिंकणार आणि तुम्ही दुसरीच फाइल एडिट करत बसणार. मी आता भांडतच नाही, प्रत्येक स्क्रिप्टमध्ये --कॉन्फिग देऊन पूर्ण पाथ लिहिते.

आणि हो, ती फाइल नुसती वाचता येऊन चालत नाही, लिहिताही आली पाहिजे. गूगलचं ॲक्सेस टोकन (खात्यात शिरायचा तात्पुरता परवाना) साधारण तासभर जगतं, नवं आलं की आरक्लोन ते त्याच फाइलीत परत लिहितं. 'सुरक्षित असू दे' म्हणून फाइल रीड-ओन्ली करून ठेवली की दुसऱ्याच कटकटी सुरू होतात.

आता क्रॉन. क्रॉनला तुमचं बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) माहीत नसतं, पाथ व्हेरिएबल (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) असतं ते अगदी तोकडं, आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) असतं एसएच, जे उबुंटूवर बॅश नसून डॅश आहे. आम्ही दिवसा नेट गुदमरू नये म्हणून बँडविड्थची मर्यादा बॅशआरसीमध्ये आरक्लोन अंडरस्कोर बीडब्ल्यूलिमिट या व्हेरिएबलने लावली होती. (नियम सोपा आहे, कुठल्याही लांब ऑप्शनचे पुढचे डॅश काढायचे, मधल्या डॅशचा अंडरस्कोर करायचा, सगळं कॅपिटल करायचं, पुढे आरक्लोन अंडरस्कोर.) टर्मिनलमधून मर्यादा लागायची, क्रॉनमधून सकाळपर्यंत लांबलेला बॅकअप मात्र नेट पूर्ण खाऊन टाकायचा आणि ऑफिस उघडल्यावर ऑपरेटर ओरडायचे. उलटा प्रकारही होतो, कधीकाळी सेट केलेलं व्हेरिएबल विसरलेलं असतं आणि आपण कॉन्फ फाइल बदलबदल बदलतो पण फरक पडत नाही, कारण व्हेरिएबल कॉन्फ फाइलीच्या वर बसतं आणि कमांडमध्ये लिहिलेला ऑप्शन त्या दोघांच्या वर.

बीडब्ल्यूलिमिटबद्दल अजून एक, तिथला आकडा बाइटमध्ये आहे, बिटमध्ये नाही. नेटवाला प्लॅन मेगाबिटमध्ये विकतो, तुम्ही १०एम लिहिलंत तर ते सेकंदाला १० मेगाबाइट होतात, म्हणजे ८० मेगाबिटच्या वर. आमच्या लाइनला ती मर्यादा असून नसल्यासारखी. यात वेळापत्रकही देता येतं, सकाळी ९ पासून इतकं, रात्री ९ नंतर मोकळं, ते मात्र फार आवडलं.

क्रॉनचा सगळ्यात छुपा खड्डा म्हणजे टक्क्याचं चिन्ह. सिंक करताना ज्या फाइली क्लाउडवरून उडणार किंवा बदलणार त्या आधी बाजूला ठेवायला --बॅकअप-डिर नावाचा ऑप्शन आहे, त्यात आम्ही तारखेचं फोल्डर बनवत होतो, डेट कमांडला टक्का वाय, टक्का एम, टक्का डी देऊन. टर्मिनलमध्ये एकदम बरोबर. क्रॉनटॅबमध्ये टाकलं की 'एंड ऑफ फाइल अनएक्स्पेक्टेड' असलं काहीतरी, आणि आरक्लोनच्या लॉगमध्ये तर शून्य ओळी, कारण आरक्लोनपर्यंत गाडी पोचलीच नव्हती. क्रॉनटॅबच्या ओळीत सुट्टा टक्का आला की क्रॉन तिथे ओळ तोडतं आणि पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून देतं. एकतर प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या नाहीतर सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचा पाथ ठेवा. दुसरंच करा. लॉगमध्ये काहीच नसणं हीसुद्धा माहिती आहे, दोष आरक्लोनच्या अलीकडे आहे असं समजायचं.

या टूलवर माझा जीव जडला तो डबल व्ही मुळे. कमांडच्या शेवटी डॅश व्हीव्ही लावा आणि वरच्या चार-पाच ओळी नीट वाचा. 'यूझिंग कॉन्फिग फाइल फ्रॉम' म्हणून पाथ येतो. एखादी सेटिंग व्हेरिएबलमधून आली असेल तर 'सेटिंग अमुक फ्रॉम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' असं नाव घेऊन सांगतं. आणि 'स्टार्टिंग विथ पॅरामीटर्स' म्हणून चौकटी कंसात प्रत्येक शब्द वेगळ्या अवतरणात, म्हणजे शेलने तुमच्या ओळीचे तुकडे कसे केले ते जसंच्या तसं. आमच्याकडे फोल्डरांची नावं 'दिवाळी अंक अंतिम' अशी, मध्ये स्पेस, अवतरण राहिलं की एकाचे तीन तुकडे, मग 'कॉपी नीड्स २ आर्ग्युमेंट्स मॅक्सिमम' अशी तक्रार येते, ती या ओळीत एका नजरेत कळते. चॅटवरून आलेल्या कमांडचंही तसंच. फोनचा कीबोर्ड दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश करतो, सरळ अवतरणं वाकडी करतो, आणि दोन स्टारच्या मधला मजकूर ठळक होऊन स्टार गायब होतात. डोळ्याला ओळ ठीक दिसते, पॅरामीटरच्या यादीत पितळ उघडं पडतं. कमांड पाठवायची तर टेक्स्ट फाइल पाठवा, काय होतंय!

गूगलच्या बाजूला एकच गोष्ट सांगते. आरक्लोनच्या डॉक्समध्येच स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलला ॲप ओळखू येतं तो नंबर) काढा असं सुचवलंय, कारण त्यांचा जो आहे तो जगभरचे लोक मिळून वापरतात आणि त्याला मर्यादा आहेत. काढायला कंटाळवाणा आहे पण काढा. फक्त त्यातली कन्सेंट स्क्रीन (गूगलचं परवानगी विचारणारं पान) 'टेस्टिंग' अवस्थेत ठेवली तर गूगलच्या नियमाने रिफ्रेश टोकन (ज्याच्यावर नवं ॲक्सेस टोकन मिळतं ते) ७ दिवसांनी मरतं. म्हणजे आठवडाभर सुरळीत, मग 'इनव्हॅलिड ग्रँट', 'आरक्लोन कॉन्फिग रिकनेक्ट' मारलं की परत आठवडाभर सुरळीत. असा आठवड्याच्या ठेक्यात येणारा ताप दिसला की ती अवस्था 'प्रॉडक्शन' करा.

आता जे मला इंग्रजी डॉक्समध्ये कुठेच सापडलं नसतं ते. प्रुफाच्या मधल्या फाइली क्लाउडवर नकोत म्हणून फिल्टरमध्ये (काय घ्यायचं, काय वगळायचं याचे नियम) 'दुसऱ्या प्रुफाच्या फाइली' हे फोल्डर वगळलं होतं. तरी ते रोज अपलोड व्हायचं. --डंप फिल्टर्स लावून बघितलं, फिल्टर बरोबर छापलं जातंय. फोल्डरचं नाव कॉपी करून शेजारी ठेवलं, अक्षर न अक्षर सारखं. शेवटी दोन्ही नावं हेक्सडंपमधून (मजकुराचे बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड) काढली तर एकात तीन बाइट जास्त! तो 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. फोल्डर बनवलं एका ऑपरेटरने त्याच्या कीबोर्ड लेआउटवर, फिल्टर लिहिला मी माझ्या. आरक्लोन नावांची तुलना करताना युनिकोड नॉर्मलायझेशन करतं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक धरतं), पण ही दोन रूपं युनिकोडच्या हिशोबाने समान नाहीतच, त्यामुळे त्यात ती एक होत नाहीत, आणि यात आरक्लोनचा काही दोष नाही. आता असल्या नावांत त्या अक्षराच्या जागी मी सरळ स्टार टाकते, 'दुस*प्रुफाच्या*/**' असं, आणि फिल्टरची फाइल वेगळी ठेवते म्हणजे शेल त्या स्टारला हात लावत नाही.

देवनागरी नावांचा अजून एक भाग, हार्ड डिस्कवरची कॉपी आम्ही क्रिप्ट (आरक्लोनची एन्क्रिप्शनची सोय) लावून ठेवतो, त्यात फाइलींची नावंही एन्क्रिप्ट होतात आणि लांब होतात, त्यामुळे मूळ नाव १४३ बाइटच्या आत लागतं. देवनागरीत काना-मात्रा, अनुस्वार सगळे धरून प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे सत्तेचाळीस चिन्हांत खेळ खलास. अहवालांची नावं लोक केवढी ठेवतात ते डीटीपीवाल्यांना सांगायला नको.

तक्रारी आहेतच. कॉन्फ फाइलीतले पासवर्ड नुसते झाकलेले असतात, एन्क्रिप्ट नसतात, फाइल मिळाली की उघडता येतात. मदत मागताना कुणाला फाइल पाठवायची वेळ आली तर 'आरक्लोन कॉन्फिग रिडॅक्टेड' चालवून तेच पाठवा. पूर्ण फाइलीला पासवर्ड लावता येतो, पण मग क्रॉनला तो कसा द्यायचा हे नवीन लफडं. उबुंटूच्या भांडारातली आवृत्ती बरीच मागे असू शकते, ऑफिशियल साइटवरून घेतलेली बरी, आणि दोन्ही बसलेल्या असतील तर 'टाइप डॅश ए आरक्लोन' करून कुठली चालतेय बघा.

आणि सिंक. सिंक म्हणजे इकडे नाही ते तिकडूनही उडवणं. सोर्सची (मूळ फाइलींची) डिस्क माउंट व्हायची, म्हणजे मशीनला जोडली जायची, राहिली आणि तिथे नुसतं रिकामं फोल्डर असलं तर सिंकच्या दृष्टीने तुम्ही सगळं डिलीट केलंय, आणि ते इमानदारीत तिकडचंही साफ करेल. पावसाळ्यात लाइट जाऊन मशीन परत उठलं की असं व्हायला वेळ लागत नाही. --मॅक्स-डिलीट नावाची मर्यादा आहे पण ती आपणहून लागत नाही, तुम्ही लावायची, याचा अर्धा स्टार मी कापलाय. पहिले काही दिवस कॉपी वापरा, सिंकवर जाल तेव्हा आधी --ड्राय-रन (काही न बदलता काय होईल ते नुसतं दाखवतं), आणि मॅक्स-डिलीटशिवाय क्रॉनमध्ये टाकूच नका.

काळ्या खिडकीची ॲलर्जी असेल तर मात्र यात पडू नका, महिन्याचे पैसे भरून बटणवालं काहीतरी घ्या. बाकीच्यांना माझ्याकडून साडेचार स्टार.