मेलेला वायरलेस स्पीकर, 22 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि पुढचे सात महिने

आवाज, बास, ॲप यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. हा अनुभव स्पीकर मेल्यानंतरचा. वॉरंटी संपलेली, सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "बोर्ड मिळत नाही, नवीन घ्या." आत एक बोटाच्या पेराएवढाही नसलेला कपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग, साठा मायक्रोफॅरडमध्ये मोजतात) गेला होता. त्यामुळे पुढे सूर जरा कडवट लागला तर समजून घ्या.

लक्षण असं: वीज गेली, परत आली आणि स्पीकर उठलाच नाही. दिवा नाही, आवाज नाही. कान लावला तर आतून सेकंदाला दोनदा बारीक टिकटिक. सगळे दोष देतात व्होल्टेजच्या झटक्याला. झटक्याने गेला असता तर बहुधा फ्यूज उडाला असता आणि मॉसफेट (सप्लायमधला स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट दाखवला असता. इथे दोन्ही ठणठणीत.

उघडताना: तळाच्या रबरी पायांखाली चार स्क्रू. जाळीला हात लावू नका, त्यामागे काही नाही. कडेची फोमची गॅस्केट फाटू न देता सोडवा, नाहीतर नंतर बासला फटीतून हवा फुसफुसते. मोठ्या कपॅसिटरवर 230 व्होल्टच्या पुरवठ्याने साधारण 325 व्होल्ट डीसी साठतात, आणि वायर काढली म्हणून ते लगेच जात नाहीत. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर चिमट्याने धरून त्याच्या दोन पायांमध्ये पाच सेकंद लावा आणि मीटरवर शून्य बघूनच बोर्डाला हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको.

मग सप्लायचा (मेन विजेची कमी व्होल्टची डीसी करणाऱ्या भागाचा) प्लग ॲम्प्लिफायरच्या बोर्डापासून सुटा करा. तरीही टिकटिक चालू, म्हणजे दोष सप्लायमध्येच. थांबली, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. चालू बोर्डावर मोजताना प्रायमरी बाजूला (ट्रान्सफॉर्मरअलीकडे, मेन विजेला जोडलेली) काळी प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या उणेवर, सेकंडरीला (पलीकडे, कमी व्होल्टची) आउटपुटच्या ग्राउंडवर. ही अदलाबदल झाली की रीडिंग निरर्थक येतं आणि माणूस चांगला आयसी (सप्लाय चालवणारी चिप) बदलून बसतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन विजेपासून बोर्ड अलग ठेवणारा) नसेल तर ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावायचीच नाही. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये 60 वॅटचा तारेचा बल्ब असू द्या. तो क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, भरभरून पेटून राहिला तर शॉर्ट.

मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट होते. आयसीच्या व्हीसीसी पिनवर (जिथून त्याला स्वतःला वीज मिळते) मात्र काटा 10 ते 16 व्होल्टमध्ये झोके खात होता. (इथे काट्याचा जुना मीटर कामी येतो, डिजिटलवर नुसते आकडे नाचतात.) आयसी यूसी3842 जातीचा: 16 व्होल्टला सुरू, 10 व्होल्टला बंद. स्टार्टअप रेझिस्टरमधून 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरतो, आयसी सुरू होतो, आणि ट्रान्सफॉर्मरचं सहायक वाइंडिंग त्याला वीज पुरवायचं काम हातात घेईपर्यंत त्याच साठ्यावर जगतो. साठा आटला की मधेच बंद, पुन्हा भरणं, पुन्हा बंद. तीच टिकटिक. स्टार्टअप रेझिस्टर ओपन असता तर तीही आली नसती.

काढून मोजला तर 22 ऐवजी 3 मायक्रोफॅरड. फुगलेला नाही, गळलेला नाही, दिसायला अगदी सज्जन. एकदा सुरू झालेला सप्लाय असल्या कपॅसिटरवरही महिनोन्‌महिने चालतो, कारण चालू असताना त्याला फार काम नसतं. वीज जाऊन येते तेव्हा पितळ उघडं पडतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. हा कपॅसिटर हीटसिंकला चिकटवलेला आहे आणि त्यावर 85 अंश छापलंय. असा माल त्या तापमानाला सहसा 2000 तासांचा असतो. तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम धरला तर 65 अंशांत 8000 तास. वर्षाचे तास 8760. स्पीकरला खरं स्विचच नाही, स्टँडबायमध्येही सप्लाय अखंड चालू! तिथे 105 अंशांचा 5000 तासांचा टाकला असता तर त्याच हिशेबाने 80000 तास, म्हणजे नऊ वर्षं. कपॅसिटर एक सेंटिमीटर सरकवायलाही बोर्डावर जागा होती.

नवा टाकताना 22 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट, 105 अंश, लो ईएसआर (आतला अडथळा कमी असलेला). 33 चालेल. त्याहून फार मोठा घेतला तर सुरू व्हायला उशीर लागतो. शेजारचा पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा, तापून तो वीज वाहू लागतो आणि तारा खातो. प्रायमरी-सेकंडरीमधला निळा वाय कपॅसिटर बदलायची वेळ आली तर त्याच वर्गाचा घ्या. तिथे साधा डिस्क कपॅसिटर लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

इथवर मत होतं की एक कपॅसिटर बदलला, काम फत्ते. तिसऱ्या महिन्यात ते बदललं. मोठ्या आवाजात बासचा ठोका आला की स्पीकर रीस्टार्ट. आधी फर्मवेअरवर आळ घेतला, तो चुकीचा. आउटपुटच्या 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टच्या दोन कपॅसिटरांचा ईएसआर 0.8 ओहम निघाला, जो 0.1 च्याही खाली हवा. ठोक्याला 18 व्होल्टची लाइन कोसळत होती. तेव्हा बोर्ड एकदा बाहेर काढलाच आहे तर आउटपुटचे दोन्हीही बदलून टाका. स्पीकर दोनदा उघडण्यात गॅस्केट गेली ती गेलीच, वर अँटेनाची केसासारखी वायर टिचकीच्या कनेक्टरमधून निसटली आणि ब्लूटूथची पोच दोन हातांवर आली. झाकण लावण्याआधी ती वायर बोटाने दाबून बघा, टक्‌ असा बारीक आवाज येतो.

त्यानंतर चार महिने तक्रार नाही. व्हीसीसी 14 व्होल्टवर स्थिर, 18 ची लाइन बासलाही हलत नाही. रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डावरूनच बटण बंद. त्यामुळे सकाळी वायफाय पकडायला अर्धा मिनिट लागतो आणि आवाजाची पातळी दर वेळी मूळ आकड्यावर येते. ती लक्षात ठेवायची अक्कल फर्मवेअरला अजून आलेली नाही.